कावळ्याचा सांगावा

अकोल्याच्या तुरुंगाबाहेर भेटीला येणाऱ्या बायका चारुशीलाबाईंना 'निरोपाच्या काकू' म्हणत. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण चिकटलं ते चिकटलंच. बाई अमरावतीच्या. अंबादेवीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर घर. यजमान मोरोपंत भिक्षुकी करणारे. सत्यनारायण, वास्तुशांत, मुंज, आणि कुणी बोलावलंच तर दहावा-तेरावासुद्धा. बाईंचा जन्म सोवळ्यात आणि पुरणावरणात गेलेला. साठीला टेकलेल्या अशा बाईनं तुरुंगाच्या पायऱ्या झिजवाव्यात हे देवानंच योजलेलं असणार. एरवी माणसाच्या डोक्यात असलं काही येत नाही.

निमित्त झाली प्राजक्ता. ही वकील मुलगी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायची. अकोल्यात एका वस्तीत दंगा झाला, त्याला आता दीड-दोन वर्षं होतील. कशावरून पेटलं हे दोन्हीकडचे लोक दोन तऱ्हेनं सांगतात. जळायचं ते जळलं, एक जीव गेला, आणि दोन्हीकडची पोरं पोलिसांनी उचलली. मागे राहिलेल्यांची दाणादाण झाली. कुणाची बायको माहेरी निघून गेली, कुणाच्या आईनं खोली सोडून लेकीचं दार धरलं. आत असलेल्याला घरचे कुठे ते ठाऊक नाही, घरच्यांना तो कुठे ते ठाऊक नाही. प्राजक्ता आणि तिच्यासारख्या चार-पाच जणांनी मिळून हेच काम हाती घेतलं. माणसं शोधायची, घरच्यांना भेटीला न्यायचं, आणि ज्यांना येणं जमत नाही त्यांचा निरोप आत पोचवायचा. इकडचा-तिकडचा असा भेद करायचा नाही, आणि त्यानं दगड मारला की नाही हे विचारायचं नाही.

एक दिवस प्राजक्ता जिना उतरून आली. "काकू, नांदगाव खंडेश्वरकडच्या एक बाई आहेत. मुलगा आत आहे. एकट्या कधी गाडीत बसलेल्या नाहीत. बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत सोबत कराल?"

"मी? तुरुंगात?" बाईंनी हातातली फुलवात तशीच धरली.

"बाहेरच बसायचं हो."

पण बाहेर बसणं काही झालं नाही. बाई आत गेल्या, आणि पुढे जातच राहिल्या.

बडनेऱ्याच्या फलाटावर भेटलेली ती बाई म्हणजे मैनाबाई. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखी काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा मुलगा अमोल अकोल्यात मालाचा ऑटो चालवायचा. दंग्याच्या दिवशी त्या गल्लीत तुरीचे कट्टे, म्हणजे पोती, उतरवत होता असं तो म्हणायचा. पोलीस दुसरंच म्हणायचे. अमोलचा बाप सूर्यभान मात्र भेटीला एकदाही आला नाही. "पोराले काचेमागं पाहाची माही छाती नाई," म्हणाला. त्याऐवजी तो निरोप धाडायचा.

निरोप पोचवण्याची चारुशीलाबाईंची एक रीत होती. देणाऱ्याचे शब्द तेच ठेवायचे. त्यांना शुद्ध करायचं नाही, गोड करायचं नाही. देवापुढे म्हणायचा मंत्र जसा आपल्या मनानं बदलत नाहीत, तसंच हेही. मैनाबाई सांगायची, बाई तिच्यासमोर म्हणून दाखवायच्या, चुकलं तर मैनाबाई दुरुस्त करायची. मग काचेपुढे बसून, फोन कानाला लावून, नऊवारीतल्या चारुशीलाबाई ठसक्यात सांगायच्या, "तुहा बाप म्हनते, तांबड्या बैलानं शिंग मारलं. मले नाई, सरपंचाच्या मोटरसायकलले. आता तोबी तुह्यासारकाच, पंचायतीत केस चालू हाय."

अमोल पलीकडे पोट धरून हसायचा. "काकू, अजून एकडाव म्हना ना! तुमच्या तोंडून आबा बोलून राह्यल्यासारकं वाटते."

घरी मोरोपंत चिडवायचे. "तुझ्या तोंडी 'काहून' शोभत नाही गं. उद्या आरतीही वऱ्हाडीत म्हणशील."

"देवाला कळते हो सगळी भाषा," बाई म्हणायच्या.

असं वर्ष गेलं. जामिनाची तारीख पडायची आणि पुढे ढकलली जायची. बापलेकांचं बोलणं मात्र बाईंच्या तोंडून चालूच होतं.

मृगाच्या आधीची गोष्ट. मैनाबाई फलाटावर आली ती तोंडाला पदर लावून. बाईंनी विचारलं तर मान हलवून म्हणाली, "एकच निरोप हाय. सांगा त्याले, तुहा बाप गेला."

बाईंनी आधी तिच्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू तर होतं! पण आदल्या दिवशी गेला असेल, लेकाला कळवायचं म्हणून तशीच निघाली असेल, असं त्यांनी स्वतःशी जुळवलं. मैनाबाई आत यायला तयार नव्हती. "मी नाई येत. तुमीच सांगा. मले त्याचं तोंड पाहवनार नाई."

बाईंनी सांगितलं, रीतीप्रमाणे त्याच शब्दांत. अमोलनं फोन टाकला आणि काचेवर डोकं आपटलं. दोनदा आपटलं. "आबा रे" अशी हाक काचेतूनही ऐकू आली. शेजारच्या खिडक्यांवरची माणसं बोलायची थांबली. बाकावर बसलेली जैतुनबी, तिचाही मुलगा ह्याच दंग्यात दुसऱ्या बाजूनं आत होता, उठून आली आणि बाईंच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तुरुंगातल्या शिपायानंही भेटीची वेळ वाढवून दिली.

त्या दिवशी प्राजक्ताही आली होती. तिनं तुरुंगाच्या कचेरीतच क्रियाकर्मासाठी रजेचा अर्ज लिहायला घेतला आणि तपशील विचारायला गावी फोन लावला. पलीकडून घोगरा आवाज आला. "कोन बोलून राह्यलं?"

"सूर्यभान यांच्या घरी..."

"मीच सूर्यभान. बोला."

प्राजक्तानं फोन बाईंकडे दिला. सूर्यभान सांगत होता, आठ दिवसांमागे वखर हाकताना बाभळीवरचा कावळा त्याच्या डोक्यावर बसला, चोच मारून गेला. तेवढ्यात बाईंना उलगडा झाला. वऱ्हाडातल्या जुन्या घरांतून ही रीत त्यांनी लहानपणी पाहिली होती. कावळा डोक्यावर बसला की मरण जवळ आलं म्हणतात. त्याला उतारा एकच. त्या माणसाच्या रक्ताच्या नात्यात तो मेल्याचा खोटा सांगावा धाडायचा. ऐकणारा खरंखुरं रडला पाहिजे. रडणं झालं की मरण आल्यापावली फिरतं, आणि मग खरं काय ते कळवायचं.

बाई बाहेर आल्या. मैनाबाई पायरीवर बसली होती. तिनं आधी विचारलं, "रडला का पोट्टा?"

"रडला."

"जोरानं रडला?"

"डोकं आपटलं त्यानं, मैनाबाई."

मैनाबाईनं हात जोडून आभाळाकडे पाहिलं. "मंग झालं. आता शंभरी गाठतीन ते."

प्राजक्ता अशी भडकली की बोलता सोय नाही. "काकू, हा अर्ज न्यायाधीशांपुढे गेला असता तर? 'खोटी कारणं सांगतो' असा शेरा बसला असता, जामीन मिळाला असता का जन्मात?" जैतुनबी कानाला हात लावून म्हणाली, "बाई, मौत का मजाक कोई करता क्या? हमारे में तो जबान काट देते." मैनाबाई उसळली. "मजाक नाई व! नवऱ्याचा जीव वाचोला म्या!"

घरी मोरोपंत म्हणाले, "यमाला फसवायला निघाल्या त्या, आणि फसलीस तू."

पुढच्या भेटीत बाईंनी अमोलला खरं सांगितलं. तो आधी पाहतच राहिला. मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "काकू, तुमीबी अशा निंगाल्या!" तुरुंगातही ही गोष्ट पसरली. बाई दिसल्या की एखादा शिपाई म्हणायचा, "या कावळ्याच्या काकू." बाई हसून सोडून द्यायच्या.

डिसेंबरात, कापूस वेचणी चालू असताना, सूर्यभान शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसला तो उठलाच नाही. छातीत कळ आली म्हणाला, पाणी मागितलं, पाणी येण्याआधी गेला. फोन अमोलच्या बहिणीचा, भावनाचा आला. ती हुंदक्यांतून तुटक तुटक सांगत होती. मागून मैनाबाईचा सूर लागलेला ऐकू येत होता. ह्या खेपेला बाईंना काही जुळवावं लागलं नाही.

अग्नी पुतण्यानं दिला. पोराला तेवढ्यात आणणं शक्यच नव्हतं. पण दहाव्याला तरी त्याचा हात लागावा, एवढीच मैनाबाईची मागणी होती. प्राजक्ता म्हणाली, "उद्या शुक्रवार. अर्जावर अमोलची सही दुपारपर्यंत माझ्या हाती आली तर संध्याकाळच्या आत न्यायाधीशांपुढे ठेवते. पुढे शनिवार-रविवार आणि लागून नाताळच्या सुट्ट्या. उद्या चुकलं तर दहावा सुट्ट्यांतच जाईल. मी कोर्टात थांबते, तुम्ही त्याला सांगा. तुमचं ऐकेल तो."

बाईंनी सकाळी देवापुढे दिवा लावला. पहिल्या गाडीनं अकोला गाठलं. भेटीची रांग लांबलचक. जैतुनबी पुढे उभी होती. बाईंचं तोंड पाहूनच म्हणाली, "इस बार सच है ना?" बाईंनी मान हलवली. जैतुनबीनं पुटपुटून काही म्हटलं आणि आपला नंबर त्यांना देऊन मागे जाऊन उभी राहिली.

अमोल आला तो खुशीत. सुट्ट्या संपताच जामिनाची तारीख होती, आणि ह्या वेळी काम होईल असं सगळे म्हणत होते. त्यानं दाढी केली होती. फोन उचलून म्हणाला, "काकू! आज मधातच कश्या? माय नाई आली?"

"अमोल, बाळा, खाली बस."

"बसलो. बोला."

भावनानं जे सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं. "आबा गेले रे दादा. धुऱ्यावर बसले होते. पानी मांगलं, पानी आनेपर्यंत गेले."

अमोलच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग ओठ एका बाजूनं वर गेला. "या खेपेले कुठं बसला? डोक्यावर का खांद्यावर?"

"कोण?"

"कावळा."

"नाही रे बाळा. हे खरं आहे."

"हाव ना. मागल्या खेपेलेबी खरंच होतं." तो हसला, आणि शेजारच्या खिडकीवरच्याला म्हणाला, "आला बे, पुन्हा कावळ्याचा सांगावा आला!" शेजारचा हसला. त्याला भेटायला आलेली बाईही पदराआड हसली.

"अमोल, ऐक..."

"ऐकलं. आता रडाव लागते ना? नाई रडलो तर आबाचा उतारा होनार नाई." आणि त्यानं डोळे मिटून गळा काढला. "आबा रेऽऽ, कसा गेला रेऽऽ, आमाले उघडं टाकून गेला रेऽऽ!" मधेच एक डोळा उघडून पाहिलं. "पुरे, का अजून?"

आपल्या बापाचं मरण समोर आलेलं असताना पोरगा खोटं रडत होता, ते बापाचं आयुष्य वाढावं म्हणून. चारुशीलाबाईंनी आजवर कितीतरी रडणं पाहिलं होतं. पण हे बघवेना.

"शिपायाकडे अर्ज दिलाय," त्या घाईनं म्हणाल्या. "त्यावर सही कर. आज सही झाली तर दहाव्याला जाता येईल. प्राजक्ता कोर्टात उभी आहे."

आता मात्र अमोलचं हसू गेलं. "सही? नाई काकू. रडाले सांगा, रडतो. सही नाई करत."

"अरे, का?"

"सुट्ट्या सरल्या का जामीन हाय माहा. जजसाहेबानं गावात चौकशी केली आन आबा समोरून आले तं? प्राजक्तामॅडमच म्हने ना, खोट्याचा शेरा बसते म्हनून? आबाले सांगा, तुमच्या कावळ्यापायी मी अजून वरीसभर सडू काय इथं?"

त्यात चूक काय होती? शहाण्या माणसानं असंच बोलावं. ज्याला एकदा खोटं सांगितलं, त्यानं दुसऱ्यांदा का ऐकावं? आणि मागच्या वेळी सांगणारं तोंडही हेच होतं.

"आई का नाही आली, विचार कर," त्या म्हणाल्या.

"मागल्या खेपेलेबी नव्हती आली अंदर. तिले हासू येते."

"ती घराबाहेर पडू शकत नाही रे. तिचं कपाळ..." पुढचे शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडले नव्हते.

शिपायानं घड्याळाकडे बोट केलं. बाईंचा हात आपसूक कपाळाशी गेला. साठ वर्षांत त्यांनी कशाची शपथ घेतली नव्हती. शपथ घेणाऱ्याच्या घरात लक्ष्मी राहत नाही, असं त्यांची आई सांगायची.

"अमोल, माझ्या कुंकवाची शपथ..."

तो ताडकन उठला. काचेवर पंजा आपटला. "काकू, नाई! अशी शपथ नका घेऊ! आबा जिते असतीन तर काकाच्या जिवाले येईन! माह्या मायच्या येडेपनापायी तुमी काहून..."

"माझ्या कुंकवाची शपथ," बाई थांबल्या नाहीत, "तुझे आबा गेले."

अमोलचा पंजा काचेवरच राहिला. तो बाईंच्या कपाळाकडे बघत होता. मग वेळ संपली आणि फोन बंद झाला. पलीकडे त्याचे ओठ हलत होते. काय म्हणतोय ते ऐकू येत नव्हतं. शिपायानं खांद्याला धरून त्याला वळवलं तेव्हा तो मुकाट्यानं वळला.

बाई बाहेर बाकावर बसून राहिल्या. दुपार उलटली. आतून निरोप आला, सही केली नाही. कोर्टाची वेळ संपली. प्राजक्ता आली आणि शेजारी बसली. जैतुनबीनं डब्यातली पोळी पुढे केली. त्या दिवशी बाईंचा उपास होता. त्यांनी घास मोडून तोंडात टाकला, आणि टाकल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

सही शनिवारी सकाळी झाली. पण कोर्ट बंद होतं, आणि पुढे सुट्ट्या. प्राजक्तानं जिथं जिथं दार वाजवायचं तिथं तिथं वाजवलं. दहावा त्याच्यावाचून झाला. परवानगी मिळाली ती तेरवीच्या दिवशीची. पोलीस पहाऱ्यात, थोड्या वेळापुरती.

चारुशीलाबाई मोरोपंतांना घेऊन गावी गेल्या. टिनाच्या छपराचं घर, अंगणात मांडव. मैनाबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. कुंकवाच्या जागी कातडी जराशी पांढरट दिसत होती, इतकी वर्षं तिला ऊन लागलं नव्हतं. बाई जवळ बसल्या तशी ती म्हणाली, "काकू, म्याच मारलं त्यायले. माह्या तोंडानं मेला म्हनलं. तवा देवानं लिवून ठेवलं असंल."

"देव असा नसतो हो."

"मंग कसा असते?"

जन्मभर पूजा केलेल्या बाईंनी तिच्या पाठीवरचा पदर सारखा केला.

अमोलला आणलं तेव्हा पंगत बसायची होती. त्यानं न्हाव्यापुढे बसून डोकं केलं, बापाच्या फोटोपुढे पान वाढलं, मोरोपंत सांगतील तसं पाणी सोडलं. मग त्याला आईसमोर नेऊन बसवलं. दोन शिपाई दाराशी पाठ करून उभे राहिले, चांगली माणसं होती. दोघं समोरासमोर बसली. मैनाबाईनं त्याच्या तासलेल्या डोक्याकडे पाहिलं, त्यानं जमिनीकडे. वेळ सरत होता. भावना म्हणाली, "बोला ना व, काई तरी बोला." शिपायानं खोकून खूण केली.

गाडीत चढता चढता अमोल थांबला. चारुशीलाबाई फाटकाशी उभ्या होत्या.

"काकू, तुमी शपथ पुरी केली तवाच मले समजलं होतं."

"मग सही का नाही केलीस रे बाळा?"

"सही केली असती तर आबा खरंच मेले असते." त्यानं तासलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "जिता होता तवा त्याच्यासाठी खरा रडलो. मेला तवा खोटा. आता रडाव म्हनतो, तं येतच नाई."

बाईंनी त्याच्या बेडी घातलेल्या हातावर हात ठेवला.

"मायले एक निरोप द्यान?"

ती तर तिथं दारातच उभी होती, चार पावलांवर, खांबाला धरून. पण बाईंनी ते म्हटलं नाही. त्यांनी कान पुढे केला. अमोल बोलला, बाईंनी हळूच म्हणून दाखवलं, त्यानं मान हलवली. गाडी निघाली आणि मांडवापुढची धूळ रस्त्यापर्यंत गेली.

बाई मैनाबाईपाशी आल्या. "अमोल म्हनते, माय, माहा तुह्यावर राग नाई. जेवत जाय."

मैनाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "त्यानंच म्हनलं? का मले बरं वाटाव म्हनून तुमी म्हनून राह्यल्या?"

चारुशीलाबाईंचा हात कपाळाकडे निघाला होता. तो त्यांनी अर्ध्यातून खाली आणला.

"त्यानं म्हटलं तसंच सांगितलं, मैनाबाई."

"अजून एकडाव सांगा."

बाईंनी पुन्हा सांगितलं. मैनाबाईला पटलं की नाही, अंबादेवीला ठाऊक. ती आत गेली, लेकानं बापाच्या फोटोपुढे वाढलेल्या पानासमोर बसली, आणि पहिला घास हातात घेऊन तशीच राहिली.